आपल्याकडे ‘टाइम टीम’सारखी मालिका हवी का? की रिठी, म्हणजे उठून गेलेल्या गावांच्या जागा, आहेत तशाच राहू द्याव्यात?

रिठीकाठ

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘टाइम टीम’ ही ब्रिटनच्या चॅनल फोरवरची मालिका. १९९४ मध्ये सुरू झाली, वीस पर्वं चालली, नेहमीचे भाग २०१३ मध्ये थांबले. आता चाहत्यांच्या वर्गणीवर यूट्यूबवर पुन्हा नवे भाग येतात. कुणाच्या शेतात, कुणाच्या घरामागच्या हिरवळीवर पुरातत्त्वाची मंडळी येतात, एक प्रश्न ठरवतात आणि तीन दिवसांत त्याचं उत्तर शोधतात. टोनी रॉबिन्सन हा नट सूत्रधार. त्याचं काम एकच, प्रत्येक तज्ज्ञाला अडवून विचारायचं की बाबा, हे तुला कळलं कशावरून? मिक ॲस्टन हे रंगीत पट्ट्यांच्या स्वेटरातले प्राध्यापक, फिल हार्डिंग टोपीवाले खणणारे, आणि जॉन गेटर यंत्र फिरवून जमिनीखालचं सांगणारे.

मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे त्यांची भांडणं. गेटर म्हणणार इथे भिंत आहे, फिल खणणार, निघणार जुना नाला. मग दोघंही चरात उभे राहून हुज्जत घालणार, आणि ते सगळं कॅमेऱ्यासमोर. दुसऱ्या दिवशी चर दुसरीकडे. तज्ज्ञ माणूस चुकतो, पुरावा बघून मत बदलतो, हे आपल्या टीव्हीवर कुठं दिसतं?

आणि आपल्याकडे बघा. विदर्भात जिकडे तिकडे उजाड रिठी आहेत, सातबाऱ्यावर नाव आहे आणि गाव नाही. तिथल्या पांढरीबद्दल, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीबद्दल, लोकांकडे दोनच गोष्टी असतात. एक, तिथे हंडा पुरलाय. दोन, अमावस्येला तिकडे फिरकू नको. गुप्तधनाच्या नादानं लोकांनी रात्री खड्डे पाडले, मांत्रिक आणले, नको ते गुन्हे केले. पण नांगरट झाल्यावर त्याच पांढरीत पाऊस पडून गेला की खापरं धुऊन वर येतात. त्यातलं एखादं आतून काळं कुळकुळीत, बाहेरून तांबडं, काठाशी पुन्हा काळं. भट्टीत भांडं पालथं ठेवलं की आत आणि काठाला हवा लागत नाही, तेवढं काळं राहतं. विदर्भातल्या शिळावर्तुळांत, म्हणजे प्राचीन दफनांभोवती रचलेल्या दगडांच्या कड्यांत, अशीच खापरं मिळतात. म्हणजे ते खापर इसवी सनाच्याही मागचं असू शकतं. हे पोरांना कुणी दाखवलंय का? अशी मालिका मराठीत, आपल्या गावांत व्हावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बोला.

बोंडअळी

राजेहो, बोलतो. तुमी म्हंता ते टीव्हीत बरं दिसते. आमच्या इकडं काय होईन ते सांगतो. टीव्हीवाले दिवसा खणतीन, गाडीत बसून नागपूरले जातीन. रात्री दुसरे येतीन, बॅटरी अन् कुदळ घेऊन. गावाचं नाव टीव्हीवर आलं म्हंजे त्या पांढरीचा पत्ताच दिला ना बाप्पा! मंग माह्या वावरात राखण कोन करन? तुमचा तो टोपीवाला?

अन् दुसरं. एकदा सरकारची नजर पडली का ‘इथं बांधू नका, तिथं विहीर खणू नका’ सुरू. आमच्या भागात लोकाईले नोटिसा आल्या हायेत. वावर माह्या बापाचं, खापरं कोनाचे बी असो.

जुनं_दप्तर

नोकरी महसुलात गेली, म्हणून बोंडअळी भाऊंसाठी थोडं. शेतात उत्खनन झालं म्हणजे वावर जात नाही. शंभर मीटरची बांधकामबंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरसाठी परवानगी, ही २०१० च्या दुरुस्तीनं कायद्यात पक्की झालेली अट केंद्राच्या संरक्षित स्मारकांभोवती आहे. प्रत्येक खापरवाल्या वावराला ती लागत नाही. आणि उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, वाहिनीला हुक्की आली म्हणून कुदळ मारता येत नाही.

हंड्याचंही ऐका. १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांवरच्या किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. कुणी दावेदार नसेल आणि शोधणाऱ्यात नि जमीनमालकात वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक मालकाचा. सरकारला ते ठेवून घ्यायचं असेल तर धातूचा जो काही भाव असेल तो, वर पाचवा हिस्सा. लपवलं तर हिस्साही गेला, वरून खटला.

बोंडअळी

दप्तरभाऊ, म्हंजे दोन हजार वर्साच्या नाण्याले सराफाचा भाव? अन् तिकडं विलायतेत काय देतात तेबी सांगा ना.

वैनगंगाकाठ

ते मी सांगते. ब्रिटनमध्ये, स्कॉटलंड सोडून, १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे. संग्रहालयानं वस्तू घेतली तर बाजारभावानं बक्षीस ठरतं आणि ते साधारणपणे शोधणाऱ्यात आणि जमीनमालकात वाटलं जातं. शिवाय १९९७ पासून साध्या सापडलेल्या वस्तूंचीही नोंद करायची सोय आहे. माणूस बटण घेऊन गेला तरी तिथला अधिकारी त्याला हसत नाही. आपल्याकडे शेतकऱ्यानं तुटकं मडकं तालुक्याला नेलं तर काय होईल, तुम्हीच सांगा.

मी भंडारा जिल्ह्यातल्या पवनीची. शाळेत शिकवते. आमच्या गावच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व सर्वेक्षणानं खणून बौद्ध स्तूप उजेडात आणला. कोरीव खांब निघाले, त्यांवर बुद्धावर फणा धरणारा नागराज मुचलिंद आहे. आज पवनीत बाहेरून अभ्यासक येतात, वाट विचारतात, आणि माझ्या वर्गातली पोरं त्यांना बोट दाखवतात. टेकडी ठाऊक आहे, आत काय सापडलं ते ठाऊक नाही. अहवाल इंग्रजीत छापला गेला, तो पवनीत कोण वाचणार? मालिका नको म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. मला रिठीकाठ यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं.

खापर

मला पटत नाही, आणि मी याच विषयात शिकलोय. मालिका मीही भरपूर पाहिली. तीन दिवस हा हिशेब शूटिंगचा आहे, पुरातत्त्वाचा नाही. आधी परवानग्या, जुने नकाशे, तयारी. नंतर खापरं धुणं, मोजणं, चित्रं काढणं, अहवाल लिहिणं. कितीतरी भागांचं हे मागचं काम वेसेक्स आर्किऑलॉजी या संस्थेनं मुकाट केलं, ते पडद्यावर कुणाला दिसलं? बघणाऱ्याला वाटतं शुक्रवारी फावडं मारलं, रविवारी रोमन हवेली. खुद्द ॲस्टन २०१२ मध्ये मालिका उथळ होत चालली म्हणून चिडून बाहेर पडले. ज्यांच्यामुळे ती उभी राहिली त्यांचं हे मत.

आता आपली माती घ्या. काळी माती उन्हाळ्यात फाटते, कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. वरचं खापर, मणी, परवाचं बाटलीचं बूच, सगळं त्या भेगांतून खाली उतरतं. पावसात माती फुगते, भेग मिटते, मागमूस राहत नाही. मग हातभर खोल मिळालेली वस्तू हातभर खोल थराचीच, हे कशावरून? ते ठरवायला थर खुरप्यानं खरवडत जावं लागतं, भेगेत भरलेली माती वेगळी काढावी लागते. त्यात आपला काळा दगड मुळातच चुंबकीय. तिकडच्या चुनखडीवर गेटरचं यंत्र चर आणि भट्टी जशी लख्ख दाखवतं, तसं इथे दाखवेल याचा भरवसा नाही.

रामटेकजवळच्या नगरधनला डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागानं २०१५ ते २०१८ असं काम केलं. तिथे प्रभावतीगुप्ताची मातीची मुद्रा सापडली. वजन जेमतेम सहा-सात ग्रॅम, अंगठ्याखाली झाकली जाईल एवढी, वर ब्राह्मीत राणीचं नाव आणि शंख. दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, वाकाटकांच्या घरात दिलेली, नवरा गेल्यावर मुलं लहान असताना राज्य चालवणारी बाई. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिग्दर्शक घड्याळ बघत असताना, ही मुद्रा घमेल्यातून ढिगाऱ्यावर गेली असती.

संत्रा_बर्फी

खापरभाऊ, तुमच्या हिशेबानं मालिका काढली तर पहिला भाग लागेपर्यंत निर्माता पेन्शनीत जाईल 😄

रिठीकाठ

खापर, मातीबद्दलचं मान्य. तीन दिवसांचा आकडा मला प्यारा नाही, इथे तीन आठवडे घ्या, तीन हंगाम घ्या. दिवाळीनंतर कापूस-तूर निघत जाते, तेव्हापासून मृगापर्यंत वेळ असतोच. पण एक गोष्ट तुम्ही सोडून दिलीत. उत्खनन म्हणजे एकदाच वाचता येणारं पान, खणलं की ते ठिकाण संपलं. थोड्या वेळात थोडे चर घ्यायचे आणि उरलेलं पुढच्यांसाठी झाकून ठेवायचं, ही शिस्त त्या मुदतीतूनही येते. आपल्याकडे उलट उदाहरण आहेच. नागपूरजवळच्या काटोल रोडवरच्या जुनापाणीची शिळावर्तुळं रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ च्या सुमारास फोडली. साहेबाला लोखंडाच्या वस्तू मिळाल्या, पण कुठली वस्तू कुठे कशी होती ते आज कुणाला विचारणार?

आणि चोरांचं म्हणाल बोंडअळी भाऊ, तर चोरांना टीव्हीची गरज पडली कधी? तुमच्या पांढरीत हंडा आहे ही बातमी त्यांच्याकडे तुमच्या आजोबांच्या काळापासून आहे. उलट टीव्हीवर एकदा दिसू द्या की इतकं खणून फक्त राख, हाडं, फुटकी मडकी आणि एक मणी निघाला, आणि ती माणसं त्या मण्यावर खूश आहेत. हंड्याची हवा तिथेच निघेल.

बोंडअळी

निंगन ना हवा! अन् एखाद्या भागात सोन्याचा मणी निंगाला मंग? वाहिनी तोच मणी आठ दिवस जाहिरातीत दाखवीन, ढोल वाजवून. राखेची जाहिरात कोनी करते का? तुमी लोकं चांगल्या वाहिनीचा विचार करून राह्यले, आमी हाय त्या वाहिन्या पाह्यतो.

खापर

बोंडअळी भाऊंनी नेमकं धरलं. माहुरझरीला शिळावर्तुळात पुरलेला घोडा मिळाला, तोंडावर तांब्याचा साज. ते वाहिनीला चालेल. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली, मातीच्या वक्र विटांची, वारा घालायच्या नळीसकट. माझ्या लेखी विदर्भातला तो फार मोठा शोध आहे, कारण त्या काळी इथला माणूस खनिजापासून लोखंड स्वतः काढत होता, हे त्यावरून हातात येतं. टीव्हीवर मात्र ते जळक्या मातीचं वेटोळं दिसेल. निर्माता कुठला भाग ठेवेल, सांगा.

वैनगंगाकाठ

का नाही दिसणार? ‘टाइम टीम’मध्ये फिल हार्डिंग गारगोटीला ठोकून समोर हत्यार घडवतो आणि आपण डोळे फाडून बघतो. नायकुंडची भट्टी लोहाराकडून पुन्हा बांधून घ्या, भाता लावा, खनिज टाका, लोखंड उतरतंय का ते दाखवा. माझी सातवीची पोरं जागची हलणार नाहीत. सादर करणाऱ्याला जमत नाही म्हणून विषयाला कंटाळवाणा म्हणू नका.

खणायची इतकी धास्ती असेल तर पहिलं पर्व न खणता करा. नांगरटीनंतर रिठीवर ओळीनं चालायचं, खापरं कुठे दाट कुठे विरळ ते कागदावर मांडायचं, फोटो काढून जागच्या जागी ठेवायची. म्हाताऱ्या माणसांना गाव का उठलं ते विचारायचं. सोबत एक जाणकार हवा, बाकी शाळा आणि गाव.

खापर

ताई, जमिनीवरून पाहणी करायला माझी पूर्ण साथ. कॅमेऱ्याला नाही. करायचंच तर गावाचं नाव, शिवार, गट नंबर काहीही दाखवायचं नाही या अटीवर.

रिठीकाठ

नाव झाकलं की गावाला काय मिळालं? भोन बघा. बुलढाणा जिल्हा, पूर्णेचा काठ. डेक्कन कॉलेजनं खणलं, मौर्यकाळापर्यंत मागे जाणारा विटांचा स्तूप निघाला. ते ठिकाण जिगाव धरणाच्या प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात आहे. संग्रामपूर तालुका सोडून पलीकडे विचारा, भोन किती जणांना माहीत आहे? घराघरात पाहिलेल्या जागेसाठी लोक ओरडतात. न पाहिलेल्या जागेसाठी दोन प्राध्यापक निवेदन देतात.

खापर

भोनवर पेपरात छापून आलं होतं, एकदा नाही, अनेकदा. बातमीनं धरण हलत नाही. मालिकेनं हलेल हा तुमचा भाबडेपणा.

बोंडअळी

हलो का नको हलो. पयला भाग भोनचाच करा मंग. तिथं राखणीची कटकट नाई, वावरवाल्याले भ्यायचं काई उरलं नाई. माह्या वावराचं मांगून पाहू.