साताऱ्यातल्या प्लास्टिक मॉडेल क्लबच्या मीटिंगला माणसं कमी व्हायला लागलीत, काय करावं?

अजिंक्यतारा_७२

नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्यात दोन वर्षांपूर्वी स्केल मॉडेलवाल्यांचा, म्हणजे खऱ्या विमान-रणगाड्यांच्या प्लास्टिकच्या छोट्या प्रतिकृती जोडून रंगवणाऱ्यांचा, छोटा क्लब चालू केला, म्हणजे नाव-बिव काही नाही, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी पोवई नाक्याजवळ एका मित्राच्या दुकानाच्या वरच्या खोलीत जमायचं एवढंच. पहिल्या दोन-तीन वेळेला अकरा जणं होती, दोघं कोरेगाववरनं यायचे, एक मुलगा तर वाईवरनं एसटीनं यायचा, विमान बुटाच्या खोक्यात घालून, खोकं मांडीवर धरून. आता चार येतात. मागच्या महिन्यात तीन.

होतं काय की ज्याचं मॉडेल पूर्ण झालंय तो आणतो, टेबलावर ठेवतो, बाकीचे भारी झालंय म्हणतात, फोटो काढतात, चहा होतो आणि पाऊण तासात सगळे घरी. कॉलेजची दोन पोरं यायची बंद झाली म्हणून मी फोन केला तर त्यातला एक म्हणाला, दादा माझं काही पूर्णच होईना, रिकाम्या हातानं काय येऊ. हे ऐकून लय वाईट वाटलं, कारण ज्याचं अर्धवट पडलंय त्यालाच तर क्लबची जास्त गरज आहे ना.

आमच्यातल्या एकाचं म्हणणं आहे की स्पर्धा ठेवू, बक्षीस असलं की लोक येतील. मला पटत नाही पण दुसरं काही सुचतही नाही. तुम्ही सांगली-मिरजेकडे, कोल्हापूरकडे मीटिंगमध्ये नक्की काय करता?

आणि एक वेगळा प्रश्न, पावसाळ्याचा. जुलैमध्ये मी १/४८ च्या (खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढ्या) मिग-२१ विमानावर लॅकर क्लिअर, म्हणजे पटकन वाळणारा पारदर्शक थर, एअरब्रशनं मारलं, पाच मिनिटांत सगळं पांढरट, दुधाळ झालं. चार महिन्यांचं काम. थिनर तोच, प्रेशर तेच, उन्हाळ्यात एकदाही असं झालं नव्हतं. पुसून काढायचं का आता?

मिरजकर_स्प्रू

भावा पहिल्यांदा ते मिग पुसू नको, हात लावू नको, खाली कुणीतरी सांगेलच त्याबद्दल. मी मीटिंगचं बोलतो कारण आमच्याकडे सेम टू सेम झालं होतं.

आमचा ग्रुप सांगली-मिरज मिळून आहे, विश्रामबागला एकाच्या गच्चीवरच्या खोलीत जमतो. पहिलं वर्षभर आम्ही पण दाखवायची मीटिंग केली आणि शेवटी दोघंच उरलो. मग ठरवलं की दाखवायची नाही, करायची मीटिंग ठेवायची. म्हणजे प्रत्येकानं आपलं अर्धवट किट, कटर, पॉलिश पेपर घेऊन यायचं आणि तीन तास बसून काम करायचं. पूर्ण झालेलं मॉडेल आणलं तरी चालतं पण ते कोपऱ्यातल्या टेबलावर, मधलं टेबल कामाचं. एवढ्या एका गोष्टीनं फरक पडला बघ. रिकाम्या हाताचा प्रश्नच मिटला, उलट ज्याचं अडलंय त्याच्याभोवतीच गर्दी होते.

दर वेळेला एक जण वीस मिनिटं एकच बारकी गोष्ट करून दाखवतो. बोलून नाही, करून. मागच्या वेळी कॅनॉपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरची काच, चिकटवायची होती. नवीन पोरं फेविक्विक लावतात आणि त्याच्या वाफेनं काच आतनं धुरकट होते, मग रडकुंडीला येतात. आमच्यातल्या एकानं टूथपिकनं कडेला साधा पांढरा फेविकॉल लावून दाखवला, वाळला की पारदर्शक, बाहेर आला तर ओल्या कापसानं पुसला, संपलं. त्याआधी डिकल होतं, म्हणजे पाण्यात भिजवून बसवायची चिन्हं-नंबरांची स्टिकरं. आमच्याकडं बोअरचं पाणी जड, त्यात डिकल भिजवलं की वाळल्यावर कडेनं क्षाराचे पांढरे डाग, आणि आम्ही वर्षभर डिकल सोल्यूशनला शिव्या घालत होतो. आता बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरतो, कोमट करून. खाली आधी ग्लॉस कोट, म्हणजे गुळगुळीत चकचकीत थर, पाहिजेच, मॅट पेंट खडबडीत असतो, त्यावर डिकल ठेवलं की खाली हवा अडकते आणि ते चंदेरी दिसतं.

कंप्रेसर आम्ही वर्गणी काढून एकच घेतला, टाकीवाला, ०.३ निडलचे एअरब्रश, म्हणजे हवेनं बारीक रंग फवारायची पेनं, दोन. ज्याच्याकडे नाही त्यानं मीटिंगला येऊन मारायचं. कॉलेजच्या पोराला एवढा खर्च झेपत नाही हे आपण मान्य केलं पाहिजे. किटच किती महाग झालीत, खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरनं ६० केली आणि २०२३ मध्ये ७०. म्हणून उरलेली डिकल्स, जास्तीची बॉम्ब-मिसाइलं, चाकं हे सगळं एका डब्यात टाकतो आम्ही, ज्याला जे लागेल ते घ्यायचं. त्या डब्यासाठी पण माणसं येतात, खरं सांगतो.

स्पर्धेचं म्हणशील तर अशी मीटिंग चालू केल्यावर पहिलं वर्षभर नको.

वाईचा_पाऊस

लॅकर पांढरं पडलं त्याला ब्लशिंग म्हणतात. लॅकरमधला थिनर झपाट्यानं उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो आणि आपल्याकडच्या जुलैच्या हवेतली ओल त्या गार झालेल्या थरावर बसते, आत अडकते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरनं घाम येतो ना, तसंच. थिनर, प्रेशर, तुमचा हात, कशाचाच दोष नाही.

वाचवता येतं. पाऊस उघडलेला दिवस बघा, दुपारची वेळ, आणि रिटार्डर (वाळणं लांबवणारा द्रव) असलेला लेव्हलिंग थिनर नुसताच, क्लिअर न मिसळता, लांबून अगदी पातळ फवारा. वरचा थर परत ओला होतो आणि आता सावकाश वाळत असल्यामुळे अडकलेली ओल निघून जाते. पांढरेपणा बहुतेक वेळा जातो. एकदम भिजवू नका, खाली डिकल्स आहेत. आधी पोटाच्या बाजूला करून बघा.

पुढच्या पावसाळ्यासाठी आमच्या घरात काय करतो ते सांगतो. एक साधा आर्द्रतामापक भिंतीला लावलाय, ७० टक्क्यांच्या वर असेल तर लॅकरला हातच लावायचा नाही. कंप्रेसरला वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी बाटली) आहे का बघा, आणि टाकीच्या खालचा व्हॉल्व उघडून पाणी काढता का? पावसाळ्यात तिथनं कपभर गंजकं पाणी निघतं, ते काढलं नाही तर थेंब थेट मॉडेलवर. रंगवलेलं मॉडेल वाळवायला जुन्या लाकडी खोक्यात ४० वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवतो, पण बल्ब लांब ठेवा, प्लास्टिक वाकतं, माझा एक पंख वाकलाय.

खरं तर पावसाळ्यात रंगवूच नये असं माझं मत झालंय. ते चार महिने कापणं, चिकटवणं, घासणं, पॅनल लाइन (पत्र्यांच्या जोडाच्या बारीक रेघा) परत कोरणं, आणि पायलट, सीट, कॉकपिट ब्रशनं. दसऱ्यानंतर कोरडी हवा चालू झाली की रंग. क्लबचं वर्षही तसंच लावता येईल की. मिरजकरांनी सांगितलेली करायची मीटिंग पावसाळ्यात उत्तम बसते, सगळे सांधे घासत बसलेत.

कराडची_आई

मी स्वतः करत नाही, माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याला मामानं १/७२ चं एक विमान आणून दिलं तेव्हापासून वेड लागलंय. भाग चिकटवायच्या सिमेंटचा वास फार उग्र येतो आणि तो खोली बंद करून बसतो. धोक्याचं आहे का? आणि साताऱ्याच्या मीटिंगला एवढ्या लहान मुलाला आणलेलं चालेल का, मी बसेन बाजूला.

मिरजकर_स्प्रू

ताई, खोली बंद नको, एवढं आजच सांगा त्याला. ते सिमेंट म्हणजे सॉल्व्हंट असतं, प्लास्टिकची कड विरघळवून दोन्ही भाग एकजीव करतं, म्हणून जोड इतका पक्का होतो, पण वाफ घ्यायची नाही. खिडकी उघडी, पंख्याचा वारा खिडकीकडं. संत्र्याच्या वासाचं लिमोनीनचं सिमेंट पण मिळतं, त्याचा वास तरी सुसह्य असतो, खिडकी मात्र त्यालाही उघडीच. स्प्रे अजून दोन-तीन वर्षं नको, ब्रशनंच करू दे, पाण्यानं पातळ होणारे ॲक्रिलिक रंग द्या. आणि लॅकरला कापडी मास्क काही कामाचा नाही, ते मोठ्यांना पण सांगतो, वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो.

ब्लेडपेक्षा साइड कटर द्या हातात. स्प्रूमधनं, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात त्यातनं, भाग तोडताना थोडं लांब कापायचं, उरलेला ठिपका पॉलिश पेपरनं, आधी ४०० नंबरचा मग ८०० चा. पोराला नक्की घेऊन जा, आमच्याकडं सर्वात सरळ पंख बसवणारा बारा वर्षांचाच आहे.

ग्राउंडक्रू_कोरेगाव

मी हवाई दलात ग्राउंड क्रूमध्ये होतो, निवृत्त झालो त्याला बरीच वर्षं झाली. मॉडेल बनवत नाही, नातू बनवतो, त्याच्यामुळे हे वाचलं. वर मिग-२१ चा विषय निघाला म्हणून लिहितो.

नातवानं त्याचं मिग मला दाखवलं, चाकांवर उभं, छान रंगवलेलं, पण नाकातला शंकू पार पुढे आलेला. मी म्हणालो हे विमान जमिनीवर उभं आहे ना रे, मग शंकू पुढे कसा? तो वेग वाढेल तसा पुढे सरकतो, उभ्या विमानात मागे बसलेला असतो. त्यानं खटकन काढून परत लावला. कॉकपिट त्यानं राखाडी रंगवलं होतं, रशियन विमानाचं कॉकपिट निळसर हिरवं असतं, ते एकदा बघितलेला माणूस विसरत नाही. आणि उभ्या विमानाच्या तोंडावर, पिटो ट्यूबवर (वेग मोजायच्या पुढच्या नळीवर) लाल कव्हरं असतात, ती केली तर विमान वापरातलं वाटतं.

सातारा जिल्ह्यात माजी सैनिक किती आहेत हे मी सांगायला नको, अपशिंगे मिलिटरी सारखी गावं आपल्याकडे आहेत, सैनिक स्कूल १९६१ पासून साताऱ्यात आहे. तुमच्या मीटिंगला एखाद्या रणगाड्यावर काम केलेल्या माणसाला बोलवा, तोफखान्यातल्याला बोलवा. तो काही भाषण करणार नाही, तुमचं मॉडेल हातात घेईल आणि बोट ठेवून सांगेल की इथं पाय ठेवून चढायचो, इथला रंग आधी उडायचा. ते पुस्तकात मिळत नाही. आणि ही माणसं आता थकत चाललीत. मिग-२१ पण २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं, १९६३ ला आलं होतं. त्या दिवशी मी टीव्हीसमोरनं उठलो नाही.

बोलावलंत तर मी येईन.

अजिंक्यतारा_७२

काका, बोलावलंत तर काय म्हणता, दुसऱ्या रविवारी मी स्वतः कोरेगावला गाडी घेऊन येतो. माझ्या मिगचा शंकू पण पुढेच आहे, आत्ता जाऊन बघितलं.

वाईकर, काल ऊन पडलं होतं, पोटाच्या बाजूला नुसता लेव्हलिंग थिनर मारला, दहा मिनिटांत पांढरं गेलं! वरची बाजू उद्या. कंप्रेसरच्या टाकीतनं खरंच कपभर पाणी निघालं, तिथं व्हॉल्व आहे हेच माहीत नव्हतं.

सगळ्यांशी बोललो आणि ठरलं की दिवाळीपर्यंत सगळ्यांनी मिळून एकच विषय करायचा. मी म्हणालो १९७१ चं युद्ध, नॅट हे छोटं लढाऊ विमान घेऊ, हवाई दलाचे पायलट सेखों यांचं, १४ डिसेंबरचं श्रीनगर, स्वस्तात एअरफिक्स कंपनीचं नॅट मिळतंय.

मिरजकर_स्प्रू

थांब थांब, ते एअरफिक्सचं घेऊ नको. ते टी.१ आहे, दोन सीटचं ट्रेनर, ब्रिटनच्या रेड ॲरोजचं. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांचं एका सीटचं फायटर, नाक आणि कॅनॉपीच वेगळी, कापून जमायचं नाही. एका सीटचं स्पेशल हॉबी कंपनीनं १/७२ मध्ये काढलंय, ते बघ, पण नवशिक्यांना ते जड जाईल, त्यात भाग बसवायला मेहनत आहे.

माझं ऐकशील तर मिग-२१ च घ्या सगळ्यांनी. कुणी एफएल, कुणी बिस, कुणी बायसन, ही त्याचीच वेगवेगळी व्हर्जनं. एकाच विमानाचा पाठीचा कणा (कॉकपिटमागचा फुगवटा) वर्षागणिक कसा जाड होत गेला ते शेजारी शेजारी ठेवलं की कळतं. आणि १४ डिसेंबर ७१ म्हणशील तर त्याच दिवशी मिग-२१ नं ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला केला होता, म्हणजे तुझी तारीख पण तीच राहते. एफएल ज्याला मिळेल त्याची मजा आहे, नुसतं चंदेरी करायचं, आणि चंदेरी रंग खालचा एकेक ओरखडा दाखवतो, त्यामुळे घासायला आपोआप शिकतो माणूस.

काका येणार असतील तर मिगच. आम्ही सांगलीवरनं तिघं येतो, कंप्रेसर नाही आणत पण डबा आणतो.

कोल्हापुरी_रणगाडा

स्पर्धेबद्दल मात्र मी थोडं वेगळं सांगेन. आमच्याकडे बक्षीस नाही पण परीक्षण आहे. आयपीएमएस या मॉडेलवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पद्धतीनं, म्हणजे रंग, धूळ, गंज हे सगळं नंतर, आधी सांधे आणि सरळपणा. बॅटरी घेऊन आडवा उजेड टाकायचा, सांध्याची रेघ दिसते का, दोन्ही पंख समोरनं सारखे आहेत का, सगळी चाकं टेकतात का. ज्याचं मॉडेल त्यालाच बॅटरी द्यायची, त्यानंच शोधायचं. कुणी दुखावत नाही आणि पुढच्या वेळी तो घरूनच बघून येतो. हे तुम्ही करायच्या मीटिंगमध्ये शेवटची पंधरा मिनिटं ठेवू शकता.

आणि हिवाळ्यात एक ट्रिप काढा, अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम. सेंच्युरियन, पॅटन, विजयंता समोर उभे आहेत. आम्ही गेलो तेव्हा एक जण नुसता वेल्डिंगच्या रेघा बघत अर्धा तास बसला होता. विमानवाले असलात तरी जा.

अजिंक्यतारा_७२

ठरलं. मिग-२१, कुठलंही व्हर्जन, कुठलंही स्केल. १/७२ ची तीन किटं क्लबतर्फे घेतोय, वर्गणीतनं, ज्यांच्याकडे काही नाही त्यांच्यासाठी. त्या कॉलेजच्या पोराला फोन करून सांगितलं की अर्धवट असेल तेच घेऊन ये, पूर्ण झालेलं नको. तो म्हणाला माझ्याकडे तीन आहेत अर्धवट, कुठलं आणू. म्हटलं तिन्ही.

दुसरा रविवार, सकाळी दहा ते एक, पोवई नाक्याजवळ. पत्ता ज्याला हवा त्यानं मेसेज करा. कटर आणि पॉलिश पेपर आपापला, बाकी आहे. कराडच्या ताई, मुलाला घेऊन या, त्याच्यासाठी खिडकीजवळची जागा ठेवली आहे. पहिली वीस मिनिटं काका मिग दाखवणार आहेत.