शक्तिपीठला कर्ज मिळतं, मग शाळेच्या पत्र्याला का नाही?

रंकाळाकाठ: जून २०२५ मध्ये शक्तिपीठ महामार्गासाठी २०,७८७ कोटींना मंत्रिमंडळाची मंजुरी, त्यातले १२ हजार कोटी हुडको या केंद्र सरकारच्या कंपनीचं कर्ज. तेव्हाच्या आराखड्यात वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत ८०२ किमी. आणि आमच्या गावची झेडपी शाळा बघा, पाऊस लागला की दोन इयत्ता एका खोलीत कोंबायच्या, भिंतीला ओल इतकी की फळा पुसायला फडकं वेगळं भिजवावं लागत नाही. नागपूर-रत्नागिरी हायवे असताना हा दुसरा कशाला हवाय?

वऱ्हाडी_ठेचा: भाऊ, खिसे वेगळे आहेत. एमएसआरडीसी, म्हणजे राज्याचं रस्ते विकास महामंडळ, कर्ज काढते न् टोलमधून फेडते, शाळेला टोल लावता का? नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाच्या वेळी पण हीच बोंब होती, आता ७०१ किमी पूर्ण झाला तर बोंबलणारेच आठ तासात मुंबई गाठून राहिले. तुमच्याकडे ऊस, कारखाने, सगळं आहे म्हणून बाकीच्यांनी थांबायचं का?

रंकाळाकाठ: टोलमधून नाही फिटलं तर बोजा सरकारच्याच गळ्यात ना? आणि त्याच उसाच्या जमिनीतनं रस्ता जाणार, म्हणून तर बोंबलतोय.

मार्चएंड: छोटा ठेकेदार आहे, सरळ बोलतो. दुरुस्तीला फीत कापता येत नाही, खरी गोम ही आहे. आमदार निधी वर्षाला ५ कोटी, पण मागणी येते ती सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि कमानीची, कारण त्यावर नावाची पाटी बसते. स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगवर कुठली पाटी लावणार?

गावकुसाबाहेर: वा, आणि ते पेव्हर ब्लॉक पहिल्याच पावसात उखडतात त्याचं काय? टक्केवारी देऊन काम घ्यायचं आणि खापर पाटीवर फोडायचं.

मार्चएंड: टक्केवारी मागतो कोण तेही लिहा की. वर बिलं महिनोन्‌महिने अडकतात, सिमेंटवाला उधारीवर थांबत नाही हो. असो. @रंकाळाकाठ, जुन्या खोल्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे त्या कागदोपत्री बाद करण्याचा, प्रस्ताव गेलाय का? ते झाल्याशिवाय पाडता येत नाहीत, मग निधी येऊनही नवं बांधणार कुठं, मैदानात?

वऱ्हाडी_ठेचा: हेच म्हणतो ना मी! फाइल तुमच्याच तालुक्यात अडकली आणि राग शक्तिपीठवर.

रंकाळाकाठ: प्रस्ताव मागच्याच वर्षी गेलाय, इंजिनिअर बघायला यायचेत म्हणे. शक्तिपीठच्या मोजणीला मात्र पोलीस बंदोबस्तात माणसं येतात, तिथं कुणाची वाट बघायला लागत नाही.