अमेरिकेने वसाहती केल्याच नाहीत? मग फिलिपिन्सचं काय?

सांगलीकर:
काल इथे कुणीतरी लिहिलं, "अमेरिकेला ब्रिटनच्या पंगतीला बसवू नका. तिने वसाहती केल्या नाहीत, गेली तिथे लोकशाही देऊन परत आली." त्याखाली सहमतीची रांग लागली, म्हणून हे सविस्तर.

फिलिपिनोंनी स्पेनशी लढून 12 जून 1898 ला स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. डिसेंबरात पॅरिसला तह झाला, तेव्हा त्यांच्या प्रतिनिधीला आत बसू दिलं नाही. स्पेनने देश दिला, अमेरिकेने 2 कोटी डॉलर मोजले. ज्यांना सोडवायला गेलो म्हणत होते, त्यांच्याशीच फेब्रुवारी 1899 मध्ये युद्ध सुरू झालं. तीन वर्षांत वीस हजारांवर लढवय्ये पडले. उपासमार, पटकी आणि गोळ्यांनी मेलेल्या साध्या माणसांचा आकडा दोन लाखांपर्यंत जातो. समार बेटावर अमेरिकन जनरल स्मिथने दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला मारायचा हुकूम दिला. कोर्ट मार्शल झालं आणि शिक्षा झाली ती ताकीद अन् सक्तीची निवृत्ती. हवाईत 1893 मध्ये साखरेच्या मळेवाल्यांनी राणी लिलिउओकलानीला गादीवरून खाली खेचलं, तेव्हा अमेरिकन नौसैनिक होनोलुलूत उतरलेले होते. हवाई आज अमेरिकेचं राज्य आहे. कुठून परत आली अमेरिका?

दर्यावर्दी:
बोटीवरची निम्मी नोकरी फिलिपिनो पोरांबरोबर झाली माझी. बोसन फिलिपिनो, मोटरमन फिलिपिनो, कुक फिलिपिनो. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा देश व्यापणाऱ्या जपानचं नाव काढलं की त्यांचे चेहरे बदलतात. अमेरिकेबद्दल वाईट शब्द मी एकाच्याही तोंडून ऐकला नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला ते गप्प, आणि आपण सांगलीत बसून गळा काढायचा? 1901 मध्ये 'थॉमस' जहाजातून पाचेकशे शिक्षक मनिलात उतरले आणि पुढे गावोगावच्या शाळांत गेले. त्या इंग्रजीवर ही पोरं आज जगभर कमावतात. 1934 मध्ये तर अमेरिकेने कायदा करून दहा वर्षांनंतरचं स्वातंत्र्य लिहून दिलं. आपल्याला त्या साली ब्रिटिशांनी काय लिहून दिलं होतं?

निशिगंध:
तो कायदा कुणी रेटला तेही सांगा ना. अमेरिकेतल्या बीट-साखरवाल्यांना फिलिपिन्सची साखर नको होती, दूधवाल्यांना लोण्याशी स्पर्धा करणारं खोबरेल नको होतं, कामगार संघटनांना फिलिपिनो मजूर नको होते. त्याच कायद्याने वर्षाला फक्त 50 फिलिपिनोंना अमेरिकेत यायची मुभा ठेवली. 1946 ला स्वातंत्र्य मिळालं, झेंडा बदलला. पण महायुद्धात बेचिराख झालेल्या देशाला मदत हवी असेल तर खाणी आणि जंगलांवर अमेरिकनांना फिलिपिनोंइतकेच हक्क द्या, अशी अट होती. नौदलाचे तळही राहिले. 1991 मध्ये त्यांच्या सिनेटने 12 विरुद्ध 11 मतांनी करार फेटाळला, तेव्हा कुठे ते हलले. आणि बोटीवर पोटासाठी आलेला माणूस साहेबासमोर राजकारण बोलत नसतो.

इतिहासवेडा:
सगळं साखरेवर ढकलू नका. हवाई विलीन करायला अमेरिकेतल्या साखरवाल्यांचाच विरोध होता. कार्नेगीसारखा पोलादसम्राट साम्राज्यविरोधी लीगमध्ये होता. मुख्य कारण आरमार. वाफेच्या जहाजाला वाटेत कोळसा लागतो. महान नावाच्या नौदल अधिकाऱ्याने आरमाराचं महत्त्व 1890 मध्येच मांडलं होतं. होनोलुलू, ग्वाम, मनिला अशी रेघ ओढून बघा, ती चीनच्या बाजारात जाते.

जुनाजाणता:
मनिलाला कशाला जाता, हा साम्राज्यवाद आमच्या ताटात होता. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिळायचा. आई भाकरी थापायची तर काठाला चिरा पडायच्या. त्याआधी पीएल-480 च्या, म्हणजे अमेरिकेच्या धान्यमदत कायद्याखाली आलेल्या, गव्हाबरोबर गाजर गवत आलं ते वेगळंच. वडिलांची मान आणि हात त्या गवताने सोलून निघायचे, मरेपर्यंत खाजवत राहिले ते. याची भरपाई कोण देणार?

कृषीपदवीधर:
दरवेळी हेच! पुण्यात गाजर गवत 1955 मध्ये दिसलं. पीएल-480 चा आपला करार ऑगस्ट 1956 चा. कराराच्या आधी गवत कसं आलं?

जुनाजाणता:
1951 ला अमेरिकेने 20 लाख टन धान्य कर्जाने दिलं, ते विसरलात? बोटी तेव्हापासून येत होत्या. शिकलेल्यांना तारखा पाठ असतात, खाज दिसत नाही.

कृषीपदवीधर:
खाज मलाही आहे, शेत माझंही आहे. धान्यातून बी आलं असेल, एवढं धरून चालू. पण चुकून आलेलं तण आणि मुलांना मारायचा हुकूम एका तराजूत घालू नका, त्याने समारच्या लोकांचा अपमान होतो. त्याच मिलोवर आमच्या घरातली सात माणसं तगली. तुमच्या आईने भाकरी थापली कारण पीठ होतं.

जुनाजाणता:
आईवर जाऊ नका.

निशिगंध:
गवत बाजूला ठेवा दोघं. पीएल-480 मध्ये खरं बोलण्यासारखं आहे ते 1965-66 चं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने गहू थोडा थोडा करून सोडला. दिल्लीने व्हिएतनामवर टीका केली याचा राग त्यात होता. पाऊस नाही, कोठारं रिकामी, आणि पुढची बोट सुटणार की नाही ते वॉशिंग्टन ठरवणार. इथे तर सैन्यही उतरवावं लागलं नाही.

कृषीपदवीधर:
हे मान्य. पण शेतीकडे लक्ष द्या हाही त्या दबावाचा भाग होता, आणि हरितक्रांती त्यानंतरच झाली.

निशिगंध:
म्हणजे उपाशी ठेवलं म्हणून आभार मानायचे?

दर्यावर्दी:
समारचं आज वाचलं. त्याचं समर्थन होऊ शकत नाही, लिहून देतो. तरी ब्रिटनशी बरोबरी मला पटत नाही. अमेरिकेने निदान स्वतःहून सोडलं.

सांगलीकर:
कॅरिबियनमधलं प्वेर्तो रिको कुठे सोडलं? तेही 1898 मध्येच स्पेनकडून घेतलेलं. तिथली माणसं 1917 पासून अमेरिकन नागरिक आहेत. बेटावर राहून राष्ट्राध्यक्षाला मत देता येत नाही. प्रतिनिधीगृहात त्यांचा माणूस बसतो, पण कायद्यावरच्या अंतिम मतदानात त्याला हात वर करता येत नाही. ग्वामचीही तीच गत. यावर बोला.