कॉलनीने मिळून जुन्या सामानाची विक्री मांडावी का?

भुसावळची सून
आमच्या कॉलनीत निम्मी घरं रेल्वेवाल्यांची, काही ऑर्डनन्स फॅक्टरीतली, काही दीपनगरच्या वीज केंद्रातली. उन्हाळा आला की बदल्या निघतात आणि जिन्याखालचं, गच्चीवरचं सामान एकदम डोळ्यांत भरतं. लोखंडी पलंग, शिलाई मशीन, पोरांच्या सायकली, दिवाण, पाळणा. ट्रकवाला भाडं सांगतो ते ऐकून निम्मं सामान इथंच सोडायचं ठरतं, आणि भंगारवाला ते किलोवर उचलतो. चांगला धड पलंग पत्र्याच्या भावात जातो. त्याच महिन्यात मागच्या गल्लीत नवीन बिऱ्हाड येतं आणि तसाच पलंग दुकानातून हप्त्यावर घेतं.

अमेरिकेत घराच्या गॅरेजात किंवा अंगणात असं सामान मांडून विकतात, त्याला गॅरेज सेल म्हणतात. कधी कधी अख्खी गल्ली एकाच दिवशी मांडते, म्हणजे गिऱ्हाईक एका फेरीत सगळी घरं बघतं. आपल्याकडे गॅरेज नाही, पण प्रत्येक कॉलनीला ओपन स्पेस आहे. एक रविवार ठरवावा, सकाळी सात ते दहा, सगळ्यांनी आपापलं सामान तिथं आणावं. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली आणि किमतीखाली दोष लिहिलेला. "झाकण बसत नाही", "मागचा टायर बदलावा लागेल", असं स्पष्ट.

एकट्या घराने सामान विकायला काढलं की लोक विचारतात, काय अडचण आली हो? वीस घरांनी मिळून काढलं की कोणी विचारत नाही. म्हणून मला हे मिळूनच हवंय. विरोध असला तरी मोकळेपणाने लिहा.

धुळेकर अण्णा
ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण माझा विरोध आहे. शेजाऱ्याशी पैशाचा व्यवहार करू नये हे आपल्या वडीलधाऱ्यांनी उगाच नाही सांगितलं. आज मिक्सर पाचशेला दिला, आठ दिवसांनी बंद पडला, की तो माणूस जिन्यात तोंड फिरवणार. दुकानदाराशी भांडण झालं तर दुकान बदलता येतं, शेजार बदलता येत नाही.

दुसरं म्हणजे, आपल्याकडे वस्तू देण्याची रीत आहे. पाळणा एका घरातून दुसऱ्या घरात जातो, त्यात चार पोरं वाढतात, त्याचे पैसे कोणी मागत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईला जुना पलंग दिला जातो. उद्या त्याच पलंगावर आठशे रुपयांची चिठ्ठी चिकटवली की त्या बाईच्या घरी तो जाणार कसा? आपल्या खान्देशमा हाई चालाव नही.

अमळनेरकर
अण्णांशी सहमत. त्यात बोहारणीचा विचार कोणी केला नाही. जुन्या कपड्यांवर स्टीलचं पातेलं देणारी बाई दारोदार फिरते, तिचं पोट त्यावर आहे. भंगारवाल्याचंही तेच. सगळं तुम्हीच विकलंत तर त्यांनी काय करायचं?

पारोळ्याची लेक
अण्णा, आदर ठेवून लिहिते. माझी आई चार घरी काम करते. आमच्या घरात कपाट, पंखा, गादी, सगळं कामाच्या घरांतून आलेलं आहे आणि देणारी माणसं वाईट नाहीत. पण फुकट आलेल्या वस्तूचे पैसे आई दुसऱ्या मार्गाने देते. पंखा मिळाला त्या वर्षी दिवाळीची जाळेजळमटं तिने पगाराशिवाय काढली, पापड लाटायला गेली, आणि पगार वाढवून मागायची वेळ आली तेव्हा गप्प बसली, कारण "त्यांनी आपल्याला पंखा दिलाय". वस्तू कोणती हवी तेही तिला कधी कोणी विचारलं नाही. गादीला मध्ये खड्डा होता, तरी "छान आहे" म्हणून आणावी लागली.

तिला दीडशे रुपयांत तोच पंखा विकत मिळाला असता, चालू करून बघून, तर तिने तो उजळ माथ्याने आणला असता. बोट दाखवून "हा नको, तो द्या" म्हणता आलं असतं. ज्याला देता येतं त्याला देणं सोपं वाटतं. घेणाऱ्याच्या बाजूनेही एकदा बघा.

धुळेकर अण्णा
लेकी, तुझं बोलणं मनाला लागलं. पण हा दोष देणाऱ्याच्या वागण्याचा आहे, देण्याच्या रीतीचा नाही. पंखा देऊन जो फुकट काम करून घेतो त्याला विक्रीच्या दिवशीही दुसरा काहीतरी मार्ग सापडेल. आणि दीडशे रुपये तुम्ही लिहिलेत. लोक दीडशे लावतील असं मला वाटत नाही. आपण वापरलेल्या वस्तूची किंमत माणूस नेहमी चढीच धरतो.

कुलर मिस्तरी, जळगाव
मी दुकानात कुलर-पंखे दुरुस्त करतो, वडिलांपासूनचं काम आहे. लाज, रीत यातलं मला जास्त समजत नाही, पण विजेच्या वस्तू अशा मोकळ्या मैदानात विकायला माझा साफ विरोध आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर जातो, त्यामुळे सगळ्यात आधी कुलरच विकला जाईल, आणि सगळ्यात धोक्याची वस्तू तीच आहे. पत्र्याचा सांगाडा, आत पाणी, बाहेर ओली फरशी. कुलरचा शॉक लागून माणसं जातात, हे दर उन्हाळ्यात आपण वाचतो.

विकायचाच असेल तर मिस्तरी बसवा आणि असं तपासा. टाकी काठोकाठ भरून अर्धा तास ठेवा आणि खालच्या सांध्यावरून कोरडा हात फिरवा. आपल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने पत्रा आतून खातो. बाहेरून ताजा रंग मारलेला असेल तर जास्तच संशय घ्या. पंपाची वायर पाण्यातून वर येते तिथं ती कडक झालेली, चिरलेली असते, ती बदलल्याशिवाय विकू नका. पंखा हाताने फिरवा, पात्याचा हेलकावा दिसला तर बुश गेलंय. प्लग तीन पिनांचाच हवा आणि अर्थिंगची वायर सांगाड्याला खरोखर जोडलेली हवी. पुष्कळ जण ती आत कापून ठेवतात. नंतर कुलर चालू करून सांगाड्याला टेस्टर लावा. दिवा लागला की तो कुलर बाजूला. गवताच्या जाळ्या जुन्या असतील तर काढूनच टाका, त्या विकण्याची वस्तूच नाही.

एवढं करणार असाल तर माझा विरोध मागे. नाहीतर कुलर, गिझर, इस्त्री, पाण्याची मोटर या चार वस्तू यादीतून काढा.

भुसावळची सून
भाऊ, हेच मला हवं होतं. आमच्या कॉलनीत रेल्वेच्या इलेक्ट्रिक खात्यातून रिटायर झालेले काका आहेत. त्यांनी टेबल घेऊन बसावं, तपासलेल्या वस्तूवर त्यांची सही असेल, सहीशिवाय विजेची वस्तू विकता येणार नाही. गिझर आणि पाण्याची मोटर यादीतून काढली.

अण्णा, भांडणाचं म्हणाल तर दोष आधी लिहिलेला असला की भांडायला जागा कमी राहते. आणि घासाघीस नको, चिठ्ठीवर आहे तोच भाव. साडेनऊनंतर हवं तर सगळं निम्म्या भावात.

शहादेकर
खान्देशात चालणार नाही, हे मला पटत नाही. सारंगखेड्याला दत्त जयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, दूरदूरच्या राज्यांतून लोक येतात. तिथला प्रत्येक घोडा कोणीतरी वापरलेलाच असतो. आठवडे बाजारात आपण बैल घेतो तो दुसऱ्याच्या औताला चाललेला. दात बघतो, चालवून बघतो, रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो आणि कोणाला कमीपणा वाटत नाही. जुना ट्रॅक्टर घेतला तर पेढे वाटतो. मग जुना पलंग घेताना लाज का? ही लाज शहरात येऊन शिकलेली आहे.

फक्त निम्म्या भावाचं पटलं नाही. सगळे साडेनऊलाच येतील.

धुळेकर अण्णा
शहादेकर भाऊ, बैलबाजारात तुम्ही गावाबाहेरच्या माणसाकडून घेता. सौदा झाला, तो त्याच्या वाटेने, तुम्ही तुमच्या. शेजाऱ्याचा बैल घेताना आपल्याकडेही लोक दहादा विचार करतात, मध्ये तिसरा माणूस घालतात. माझा मुद्दा तोच आहे.

नंदुरबारी
मग तिसरा माणूस घाला. सामान मालकाने स्वतः विकूच नये. याच्या घरचं सामान दुसऱ्याच्या टेबलावर. चिठ्ठीवर घर नंबर, पैसे त्या घराच्या नावाच्या पाकिटात. ऑनलाइन देणाऱ्यासाठी प्रत्येक घराचा क्यूआर चिकटवा.

चाळीसगावचा कर सल्लागार
कोणीतरी जीएसटीबद्दल विचारणारच, म्हणून आधीच लिहितो. घरात वापरलेली वस्तू घरच्या माणसाने विकली तर तो धंदा ठरत नाही, त्यावर जीएसटी नाही. जुलै २०१७ मध्ये सरकारने जुन्या दागिन्यांच्या बाबतीत हा खुलासा केला होता: माणसाने आपलं जुनं सोनं सराफाला विकलं तर त्या विक्रीवर कर लागत नाही. पण कॉलनीतल्या कोणी सुरतेहून आणलेल्या साड्या किंवा कुर्त्या तिथं मांडल्या तर तो व्यापार झाला. तेव्हा नवा माल नको.

कुर्तीवाली
दादा, मी घरून कुर्त्या विकते. वर्षात एकदा कॉलनीत इतके लोक जमणार आणि मला टेबल नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. जुन्या पलंगाला जागा आहे, पण माझ्या मेहनतीला नाही.

भुसावळची सून
ताई, तुमचं वाईट वाटणं समजतं. पण तुम्हाला टेबल दिलं की पापड, मसाले, इमिटेशन ज्वेलरी, सगळ्यांना द्यावं लागेल. मग ते प्रदर्शन होईल आणि पलंग-सायकल कोपऱ्यात जाईल. त्यासाठी आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी वेगळा दिवस धरू. तेव्हा माहेरवाशिणी येतात, कपड्यांची खरेदी असतेच. मी तुमच्याबरोबर उभी राहीन.

वरणगाव क्वार्टर
आम्ही बदलीवाले. काही गोष्टी यादीतून काढाच.

मोबाइल नको. चोरीचा निघाला तर कॉलनीचं नाव जाईल. फारच आग्रह झाला तर बिल दाखवावं आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोनचा आयएमईआय (ओळख) नंबर टाकून बघावा. गॅसचं सिलिंडर तर नाहीच, ते विकायची वस्तू नाही, ते एजन्सीकडे परत करायचं असतं. वापरलेलं हेल्मेट नको, एकदा आपटलं असेल तर बाहेरून कळत नाही. सायकलीला नाव, घर नंबर आणि चौकटीवरचा नंबर घालून पावती द्या.

जुने पिक्चर ट्यूबचे टीव्हीही नकोत. त्यांच्या काचेत शिसं असतं. कोणी घेणार नाही आणि मग ते ओपन स्पेसच्या कुंपणाशी पडून राहतील. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, असा माल नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवा. नगरपालिकेला विचारा.

अमळनेरकर
बोहारणीचं राहिलंच.

भुसावळची सून
कपडे आपण विकायचेच नाहीत, ते तिचेच. आणि दहा वाजता भंगारवाल्याला हातगाडी घेऊन बोलवू. उरलेलं लोखंड, रद्दी, प्लॅस्टिक त्याचं. त्याला एका ठिकाणी मिळेल, दारोदार उन्हात फिरावं लागणार नाही.

जामनेरची मावशी
सगळे विजेचं आणि पैशाचं बोलताय. मी पितळेचं बोलते. घंगाळ, परात, तांब्याचा हंडा, हे बाईच्या माहेरून आलेलं असतं. पुरुषाला ती अडगळ वाटते. तिला न विचारता घंगाळ विकणारी घरं मी पाहिली आहेत आणि त्या बाया नंतर किती दिवस त्या रिकाम्या कोनाड्याकडे बघत बसल्या तेही पाहिलंय. स्वयंपाकघरातली वस्तू टेबलावर आली तर घरातल्या बाईने स्वतः आणून ठेवली पाहिजे. नवऱ्याने आणली तर परत पाठवा. सासूची असेल तर सासूला विचारा. हा नियम पहिला लिहा, बाकीचे नंतर.

भुसावळची सून
मावशी, पहिला लिहिला.

कुलर मिस्तरी, जळगाव
तारखेचं बघा. मे मध्ये ठेवाल तर कुलर कोणी घेणार नाही, लोकांनी होळीनंतरच घेतलेला असतो. फाल्गुनात ठेवा.

वरणगाव क्वार्टर
फाल्गुनात आमच्या बदलीचा पत्ता नसतो. पलंग तेव्हा विकला तर दोन महिने जमिनीवर झोपायचं? आणि दप्तरं, पुस्तकं, सायकली तर शाळा उघडायच्या तोंडावर जातात.

पारोळ्याची लेक
आमच्याकडे श्रावणातल्या कानबाईच्या सणाआधी घर रंगवतात, तेव्हा सगळं सामान बाहेर येतं. तेव्हा ठेवला तर? पाऊस आला तर मंदिराचा सभामंडप आहे.

धुळेकर अण्णा
मंडपात पैशाची देवघेव नको.

भुसावळची सून
मंडप नाही, अण्णा, तुमचा शब्द मानते. मेचा शेवटचा रविवार धरते आहे, सकाळी सात ते दहा. ओपन स्पेसच्या पूर्वेला कडुनिंबाची रांग आहे, तेवढा वेळ सावली टिकते. कुलर ज्यांना विकायचे त्यांनी फाल्गुनात काकांकडून तपासून घ्यावे, ते आपण कॉलनीच्या ग्रुपवर आधीच विकू. निम्म्या भावाचं काढून टाकलं, शहादेकर भाऊ बरोबर बोलले. एक टेबल अण्णांच्या म्हणण्यासाठी ठेवते: त्यावर चिठ्ठीच नाही, ज्याला द्यायचं त्याने ठेवावं, ज्याला हवं त्याने न विचारता उचलावं. कोणी ठेवलं हे लिहायचं नाही.

धुळेकर अण्णा
नाव न लिहिता ठेवायचं असेल तर आमच्या घरचा पाळणा आणि लाकडी चालणगाडी त्या टेबलासाठी धरा. पोरगा भुसावळला असतो, तो आणून देईल. विक्रीला माझा विरोध तसाच आहे.

पारोळ्याची लेक
अण्णा, ते टेबल मला पटलं. फक्त कडेला ठेवू नका, विक्रीच्या टेबलांच्या रांगेतच ठेवा. वेगळं ठेवलं तर तिथं कोण उभं आहे ते सगळ्यांना दिसतं.

भुसावळची सून
रांगेत, मधोमध. टेबलं कोणाकडे आहेत ते आता सांगा, मंडपवाल्याला भाडं द्यायचं नाहीये.