यंगब्लडबरोबरचा तो हाडांचा प्राणी नक्की कोण? (डॅनी फँटम)

घोरपड_ठाणे

मंडळी, हसू नका. वय २९, नोकरी आहे, गृहकर्जाचा हप्ता आहे, आणि गेले तीन आठवडे डोक्यात एकच किडा वळवळतोय.

भाची (वय ७) सुट्टीत राहायला आलीय. तिला काहीतरी दाखवायचं म्हणून 'डॅनी फँटम' काढलं. आमच्या पिढीतल्या ज्यांनी शाळेचं दप्तर कोपऱ्यात भिरकावून निक लावलं असेल त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी: निकलोडियन (निक) वाहिनीवरची कार्टून मालिका, बुच हार्टमन यांची, २००४ ते २००७, एकूण ५३ भाग. डॅनी १४ वर्षांचा. आईबाप भुतं पकडायच्या नादाला लागलेले. त्यांनी तळघरात भूतलोकाचं दार बांधलंय, त्यात हा शिरतो आणि अर्धा भूत होऊन बाहेर येतो. पुढे रोज एक नवीन भूत, रोज मारामारी.

त्या गर्दीत यंगब्लड नावाचं एक पोरगं आहे. किरकोळ खलनायक, धड काम मिळालं ते दुसऱ्या सीझनमधल्या दोन भागांत. त्याची खुबी अशी की तो मोठ्या माणसांना दिसतच नाही. 'पायरेट रेडिओ'त तो समुद्री चाचा बनून येतो, सोबत हाडांचा पोपट. एम्बर या गाणाऱ्या भुतणीला हाताशी धरतो आणि रेडिओवरून गावातल्या सगळ्या मोठ्यांना भुलवतो. 'द फेंटन मेनेस'मध्ये मात्र हेच पोरगं काउबॉय, आणि पोपटाच्या जागी हाडांचा घोडा. किरकिर तीच. म्हणजे प्राणी एकच, पोशाखाप्रमाणे रूप बदलणारा.

आता माझा प्रश्न. हा प्राणी बोलतो कसा ते ऐका. पोरगं हुंदडत असतं, आणि हा शेजारी बसून शहाणपणा शिकवत असतो. असं नाही, तसं कर. सगळा सूर मोठ्या माणसाचा. ज्या भुताचा अख्खा खेळच मोठ्यांना वगळून चालतो, त्याच्या खांद्यावर हा मोठा माणूस कशाला?

चाहत्यांमध्ये चालणारा एक तर्क असा की तो पोराचा मेलेला पाळीव प्राणी. मला पटत नाही. एकच पाळीव प्राणी एकदा पोपट म्हणून आणि एकदा घोडा म्हणून कसा मरेल? दुसरा तर्क, की ते वेगळंच रूपबदलू भूत आहे आणि पोराकडे चाकरीला आहे. पण चाकर मालकाला इतका टोचून बोलेल?

माझा तर्क उलटा आहे. मालक तो सापळा. पोरगं म्हणजे आमिष. नुसता हाडांचा ढीग समोर आला तर पोरं पळतील, म्हणून पुढे एक खेळकर मुलगा उभा केलाय. सापळा, दोन्ही अर्थांनी. (हे सुचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. बायकोला उठवून सांगितलं. तिची प्रतिक्रिया इथे देत नाही.)

तुम्हाला काय वाटतं?

निशाचर_नाशिक

घोरपडराव, इतका विचार लेखकांनी केला असेल असं वाटत नाही हो. चाचा म्हटला की खांद्यावर पोपट हवा, काउबॉय म्हटला की खाली घोडा हवा. भूत आहे म्हणून दोघेही हाडांचे. विनोदाला जोडीदार लागतो म्हणून त्याला तोंड दिलं. विषय संपला.

आणि डॅनीला यंगब्लड दिसतो तो लहान आहे म्हणून कशावरून? तो स्वतः अर्धा भूत आहे. भुताला भूत दिसणारच.

घोरपड_ठाणे

निशाचर, पहिला मुद्दा मान्य, पण मग धागाच बंद करावा लागेल, त्यामुळे अमान्य.

दुसऱ्याचं उत्तर आहे माझ्याकडे. 'पायरेट रेडिओ'त डॅनीच्या शाळेतली पोरं यंगब्लडशी लढतात. त्यांच्यात कोण अर्धा भूत आहे? साधी पोरं. आणि 'फेंटन मेनेस'मध्ये तर मजाच आहे. डॅनी ओरडून सांगतोय भूत आहे, आणि घरच्यांना वाटतं पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. त्याची बहीण जॅझ त्याच्याहून फक्त दोन वर्षांनी मोठी, १६ ची. पण ती घरातली शहाणी, आईबापांपेक्षा जास्त आईबाप. तिला काही दिसत नाही. मग ती शहाणपण बाजूला ठेवून पोरकटपणा करते, तेव्हा कुठे यंगब्लड दिसतो.

म्हणजे जन्मतारखेचा संबंध नाही. आपण मोठे झालो असं ज्यानं मनात धरलं, तो आंधळा.

पिंपळपार

मालिका पाहिलेली नाही. पण लहान पोराचं भूत म्हटल्यावर गप्प बसवेना. मी मूळची रत्नागिरीकडची, आमच्याकडे मुंजा असतो.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आधी मुलगा गेला तर त्याचा मुंजा होतो, पिंपळावर राहतो. आमच्या घराजवळच्या पिंपळाखालून संध्याकाळी जायचं तर आजी हात धरायची. आणि तो कुठल्या वयात अडकलाय बघा. मुंज झाली म्हणजे लहानपण संपलं, सोडमुंज नाही म्हणजे मोठेपण सुरू नाही. मधल्या पायरीवरच राहिलेला. तुमची ती चौदा-सोळा वर्षांची भावंडं वाचताना मला हेच आठवलं.

फरक इतकाच की आमचा मुंजा एकटा. आजीच्या एकाही गोष्टीत त्याच्याबरोबर पोपट नव्हता की घोडा नव्हता. मी एकदा आजीला विचारलंही होतं, की तो दिवसभर करतो काय. म्हणाली, बसतो. माझी भीती तिथंच थोडी कमी झाली होती, वाईटच वाटलं त्याचं.

तुमच्या पोराला निदान बोलायला कोणी आहे.

निशाचर_नाशिक

पिंपळपार ताई, छान लिहिलंत. पण मुंजाला गोष्ट आहे, तो कोण होता हे ठाऊक आहे. यंगब्लडला मालिकेनं काहीच दिलेलं नाही. त्याच मालिकेत सिडनी पॉइंडेक्स्टर आहे, तो डॅनीच्याच शाळेत जुन्या काळी छळ सोसलेला विद्यार्थी. डेझिरी आहे, इच्छा पुरवणारी, तिलाही पूर्वायुष्य आहे. यंगब्लडच्या वाट्याला नाव, पोशाख आणि एक खोड, बस. जिथं काही लिहिलेलंच नाही तिथं आपण काहीही भरू शकतो, हा सगळ्या चाहत्यांच्या तर्कांचा घोळ आहे.

घोरपड_ठाणे

घोळ नाही, सोय आहे. पॉइंडेक्स्टरवर कोण तीन आठवडे झोप घालवेल?

दोन_पोरींची_आई

मी या प्रकारातली नाही, धागा चुकून उघडला. पण घोरपड, तुमचा मालक-आमिष तर्क मला अजिबात पटला नाही, कारण मी हे रोज घरी बघते.

माझी धाकटी पाच वर्षांची. तिच्याकडे कापडी ससा आहे. ती दुकान-दुकान खेळते तेव्हा ससा गिऱ्हाईक असतो, डॉक्टर-डॉक्टर खेळते तेव्हा कंपाउंडर. खेळ बदलला की सशाचं काम बदलतं, हा तुमचा पोपट-घोडा झाला. पण गंमत पुढे आहे. हा ससा तिला रागावतो. "पसारा कोण आवरणार? व्हॅन आली की मग रडत बसशील." आवाज तिचाच, पण शब्द माझे. सूरसुद्धा माझा. पहिल्यांदा दाराआडून ऐकलं तेव्हा लाजच वाटली, आपण खरंच इतकं कातावून बोलतो?

सांगायचं हे की पोराला एकट्यानं खेळताना नुसता सवंगडी पुरत नाही. नको म्हणणारं कोणीतरी लागतं, नाहीतर खेळात दमच राहत नाही. मग ते काम बाहुलीला, सशाला, जे हाताशी असेल त्याला लावून देतात. त्या भूतपोरानं गावातले सगळे मोठे पळवले असतील, पण स्वतःचा एक मोठा त्यानं खांद्यावर ठेवूनच दिलाय. त्याला बहुधा त्याच्याच आईचा आवाज असणार. किंवा बापाचा. तुमची मालिका, तुम्ही ठरवा.

पिंपळपार

हे वाचून आत्ता पोटात काहीतरी झालं.

घोरपड_ठाणे

ताई, माझा तर्क मी मागे घेतो. तीन आठवडे मी घासतोय आणि तुम्ही मालिका न बघता ससा घेऊन आलात.

यानं एक गाठ सुटते. तो प्राणी इतका टोचून बोलतो आणि तरी पोरगं त्याला हाकलून देत नाही, हे मला खटकत होतं. चाकर असता तर हाकलला असता. मालक असता तर पोरानं निदान ऐकलं तरी असतं. इथं दोन्ही नाही. तो बोलतो, हा दुर्लक्ष करतो, आणि दोघं सोबत राहतात. हे तर आमचंच घर झालं, सन २००५.

निशाचर_नाशिक

मग हाडं का? आईचा आवाज असेल तर गुबगुबीत पोपट चालला असता की.

दोन_पोरींची_आई

सशाचा कापूस कधीच निघालाय. तिला चालतो.

घोरपड_ठाणे

ताजी खबर. आत्ता भाचीला 'पायरेट रेडिओ' परत लावून दिला आणि मुद्दाम विचारलं, "काय गं, तो पोपट त्याला सारखा का ओरडतो?" टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाली, "कोणीतरी ओरडायला नको का?"

म्हणजे तीन आठवड्यांनी शेवटी माझाच पोपट झाला.

निशाचर_नाशिक

अभिनंदन. आता तिला घोड्याचं विचारा. पोपट ओरडतो ते समजलं, पण आईच्या पाठीवर बसून हिंडणारा काउबॉय मला अजून पचलेला नाही.

दोन_पोरींची_आई

तुम्हाला मुलं नाहीत ना अजून?