मदत हवी आहे : वडिलांसाठी सगळ्यात जास्त अँटिऑक्सिडंट असलेलं फळ कुठलं?

पेठेतला_पोरगा (कोल्हापूर)
नमस्कार मंडळी. सगळ्यात जास्त अँटिऑक्सिडंट कुठल्या फळात असतात? ड्रॅगन फ्रूट, पेरू, पपई, स्टारफ्रूट, काय काय वाचलं पण जाईल तिथं यादी वेगळी. संध्याकाळी कपिलतीर्थ मार्केटला जाणार आहे, त्याच्या आधी सांगा. आणि ज्यूस करून दिला तर जास्त लागू पडतो का? डॉक्टरला विचारा एवढंच लिहू नका, त्यांची अपॉइंटमेंट सोमवारी आहे.

रंकाळ्यावरची
वय किती? शुगर आहे का? गोळ्या कुठल्या चालू आहेत? आणि ज्यूस कशाला, दात असतील तर चावून खाऊ देत की. गाळला की चोथा जातो नि साखर तेवढी ग्लासात उरते.

अप्पा_राधानगरी
ड्रॅगनच्या नादाला लागू नका भावा, आपला पेरू घ्या. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या वर व्हिटॅमिन सी, संत्र्यात पन्नासच्या आसपास. आणि सीझनला जांभूळ. खाल्ल्यावर जीभ तासभर जांभळी राहते ना, तो रंग म्हणजेच अँथोसायनिन, अँटिऑक्सिडंटच ते. आमच्याकडं पोरं झाडाखाली चादर धरतात आणि एकजण वर चढून फांदी हलवतो, बाजारात ह्याचेच किती पैसे मोजता तुम्ही.

निवडुंगवाला
अप्पा, ड्रॅगनला नावं ठेवू नका. माझं अर्धा एकर आहे. लाल गराचा घ्या, त्यात बीटासायनिन असतं, बीटाला लाल करणारं तेच. गुजरातनं २०२१ मध्ये त्याचं नाव कमलम केलं, आपल्याकडं पण एखादं चांगलं मराठी नाव पाहिजे. कुणाला सुचतंय का?

अप्पा_राधानगरी
नाव काय पण ठेवा, चव पाण्याचीच.

लॅबवाली_ताई
सगळ्यात जास्त कशात ह्या याद्यांच्या मागं लागू नका. त्यातले बरेच आकडे ओरॅक नावाच्या टेस्टचे, म्हणजे परीक्षानळीतले. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०१२ मध्ये आपली ओरॅकची यादी वेबसाइटवरून काढून टाकली, कारण नळीत जे होतं ते अंगात तसंच होतं असं दिसत नव्हतं आणि कंपन्या ते आकडे माल खपवायला वापरत होत्या. आणि जास्त म्हणजे चांगलं हे पण खरं नाही. फिनलंडमध्ये २९ हजार सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, १९९४ मध्ये निकाल आला, बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता. फळ खाणं वेगळं आणि अर्क काढून ओतणं वेगळं. रंकाळ्यावरच्या ताईंनी विचारलंय त्याचं उत्तर द्या आधी.

मोरावळा_प्रेमी
सगळ्यांचा बाप आवळा. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, रोज सकाळी एक मोरावळा, अजून स्वतः पाणी भरतात. बाकी सगळं बाजूला ठेवा.

पेठेतला_पोरगा
अहो यादी द्या की कुणीतरी. वय ६४, शुगर नाही. बीपीची टेल्मिसार्टन ४० चालू आहे. किडनीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन २.८ आलंय, म्हणजे वाढलेलं, म्हणून तर शोधतोय, अँटिऑक्सिडंटनं किडनी साफ होते असं वाचलं. मालवणच्या मावशीनं पिशवीभर स्टारफ्रूट पाठवलेत, काल सकाळ-संध्याकाळ एक एक ग्लास रस दिला. रात्रीपासून उचकी लागलीय ती थांबेना, पित्ताची असणार, त्याला पण काही असेल तर सांगा.

मोरावळा_प्रेमी
उचकीला चिमूटभर साखर जिभेवर ठेवा, थांबते.

लॅबवाली_ताई
साखर राहू दे. ते पाच कंगोऱ्यांचं, आडवं कापलं की चांदणी दिसते तेच फळ ना? किडनी कमजोर असलेल्यानं ते अजिबात खायचं नसतं. त्यात कॅरॅम्बॉक्सिन नावाचं विष असतं, ब्राझीलच्या साओ पावलो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ते वेगळं काढून दाखवलं. चांगली किडनी ते बाहेर टाकते, कमजोर किडनीला जमत नाही मग ते मेंदूवर जातं. सुरुवात न थांबणाऱ्या उचकीनंच होते, पुढं उलट्या, असंबद्ध बोलणं, झटके. सोमवार विसरा, आत्ता उठा आणि डायलिसिसची सोय असेल तिथं न्या. फळ सोबत न्या, दाखवायला.

रंकाळ्यावरची
हो, लगेच निघा. आणि कमजोर किडनीत पोटॅशियम रक्तात साठतं, टेल्मिसार्टननं पण वाढू शकतं, ते पण तपासायला सांगा. पेरू आणू नका, १०० ग्रॅममध्ये ४०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम आहे त्यात.

अप्पा_राधानगरी
पेरू मी सांगितला, किडनीचं माहीत नव्हतं. माझा सल्ला मागं घेतो. पोचलात की कळवा.

पेठेतला_पोरगा (दुसऱ्या दिवशी)
रात्री साडेनऊला दाखल केलं. तोवर ते मला काकांच्या नावानं हाक मारायला लागले होते. ड्युटीवरच्या डॉक्टरांना फळ दाखवलं तर त्यांनी आधी विचारलं किती दिलं, मग लगेच किडनीच्या डॉक्टरांना फोन केला. पोटॅशियम ६.१ होतं, म्हणजे वाढलेलं. रात्रीच डायलिसिस झालं. आज सकाळी उचकी थांबली, चहा मागितला, मला माझ्या नावानं हाक मारली. काल ग्लास मीच हातात दिला होता, बाबा आंबट म्हणून नको म्हणत होते. लॅबवाली ताई, तुमचे पाय धरायला पाहिजेत.

लॅबवाली_ताई
बाबा बरे होऊ देत. पिशवीतली बाकीची फळं कुठायत?

पेठेतला_पोरगा
सात होती फ्रीजमध्ये, आईनं टाकून दिली. दोन शेजारच्या काकूंकडं गेलेली, त्यांचं पण क्रिएटिनिन वाढलेलं आहे. पळत जाऊन आणली, अजून कापली नव्हती. मावशीला पण फोन केला. आता घरी आल्यावर फळ द्यायचं तरी कुठलं? अननस चालेल का?

रंकाळ्यावरची
अननसात पोटॅशियम कमी आहे, १०० ग्रॅमला ११० मिलिग्रॅमच्या आसपास, पेरूच्या पावपट. पण किती फोडी ते डिस्चार्जच्या आधी आहारतज्ज्ञाकडून कागदावर लिहून घ्या. शहाळं तर अजिबात नको, भेटायला येणारे हमखास तेच घेऊन येतात.

निवडुंगवाला
ड्रॅगन चालेल का पेशंटला? विचारून सांगा, एक पेटी पाठवतो घरी.