लहानपणीची कॅसेट एनईएसमध्ये टाकली की लाल लाईट नुसती लुकलुकते, चिपची पिन कापू का?

मंडळी नमस्कार, जुने गेम कन्सोल उघडून दुरुस्त केलेलं कोणी आहे का इथे, जरा मदत हवीये.

मी न्यू जर्सीत असतो. मागच्या महिन्यात गराज सेलमध्ये निन्टेन्डोचं एनईएस मिळालं, ते पुढचं झाकण उघडून कॅसेट आत सरकवून खाली दाबायचं मॉडेल, सोबत मारिओ. लावलं तर पहिल्या झटक्यात सुरू. मग आईबाबा इकडे आले ते सांगलीच्या घरच्या माळ्यावरून माझ्या लहानपणीच्या कॅसेटी घेऊन आले, त्यातली पिवळी ६४ इन १ बाबांनी मला चौथीत असताना घेऊन दिलेली, मागे पेनने माझं नाव लिहिलंय अजून. आता आपल्याकडचे ते टीव्ही गेम म्हणजे निन्टेन्डोच्याच जपानी कन्सोलची, फॅमिकॉमची नक्कल, त्यामुळे कॅसेटला ६० पिना आणि अमेरिकन मशीनला ७२, म्हणून ऑनलाइन एक स्वस्तातला कन्व्हर्टर मागवला. तो लावला की पॉवरची लाल लाईट सेकंदाला एकदा चालू-बंद, चालू-बंद, स्क्रीनवर गेमची यादी उगवते आणि गायब, परत उगवते परत गायब. कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सगळे कॉन्टॅक्ट पुसले, फुंकर पण मारून झाली, फरक शून्य. मारिओ मात्र दर वेळी नीट चालतो!

वाचलं त्यावरून एवढं कळलं की १९८३ च्या फॅमिकॉममध्ये असलं काही नव्हतं, पण १९८५ ला अमेरिकेत आणताना निन्टेन्डोने मशीनमध्ये एक आणि प्रत्येक कॅसेटमध्ये एक अशी ४ बिटची छोटी चिप घातली, सीआयसी म्हणतात तिला. एक कुलूप, दुसरी किल्ली. दोघी एकाच घड्याळावर चालतात, सुरुवातीला कुलूप सांगतं कुठून सुरू करायचं आणि मग दोघी आपापल्या बाजूला तीच आकड्यांची मालिका काढत एकमेकींना पाठवत राहतात, जरा जुळलं नाही की कुलूप मशीनला रिसेट मारतं. म्हणजे माझी यादी दर सेकंदाला गायब होते ती यामुळेच ना? की कनेक्टर गेलाय? आणि यावर उपाय म्हणून चिपची जी पिन कापायची म्हणतात ती नक्की कुठली, मशीनचं नुकसान होईल का? चाळीस वर्षांच्या वस्तूला हात लावायला जीव होत नाही.

प्रतिसाद १
मशीन ठणठणीत आहे तुमचं, कनेक्टर बदलायच्या भानगडीत पडू नका. कनेक्टर खराब असता तर मारिओ पण लुकलुकला असता, कारण चिपच्या चार तारा त्याच कनेक्टरमधून जातात. फॅमिकॉमच्या ६० पिनांतल्या आवाजाच्या दोन काढल्या, एक्सपान्शनच्या (जादा उपकरणं जोडायच्या) दहा आणि चिपच्या या चार घातल्या, असे झाले ७२. तुमच्या कन्व्हर्टरमध्ये किल्लीची चिपच नसणार, उघडून बघा. चिपवाले कन्व्हर्टर मिळतात, ते घेतलंत तर मशीनला हातही लावावा लागणार नाही. पण त्यासाठी गायरोमाईटची जुनी कॅसेट फोडू नका प्लीज, काही प्रतींत आत निन्टेन्डोचाच चिपवाला कन्व्हर्टर असतो म्हणून लोक त्या फोडतात, फार वाईट वाटतं.

प्रतिसाद २
कापायचीच असेल तर नीट वाचा. बोर्डावर ३१९३ लिहिलेली १६ पायांची चिप, खाच वर धरून डावीकडून वरून खाली मोजत चौथा पाय. कुलूप आणि किल्ली मुळात एकच चिप आहे, हा पाय ५ व्होल्टला असला की ती कुलूप होते, ग्राउंडला म्हणजे शून्य व्होल्टला असला की किल्ली. त्यामुळे पाय बोर्डापासून सोडवून ग्राउंड केला की मशीनमधली चिप स्वतःला किल्ली समजते आणि रिसेट मारतच नाही. चिपकडचा तुकडा ग्राउंड करायचा, बोर्डाकडचा नाही, तिथे ५ व्होल्ट आहेत, शॉर्ट होईल. पाय मुळाशी कापू नका, खालून सोडवून वर वाकवा, उद्या पुन्हा जोडता येतो. नुकसान काही नाही, १९९३ च्या टॉप लोडर, म्हणजे वरून कॅसेट घालायच्या मॉडेलमध्ये निन्टेन्डोने ही चिप ठेवलीच नव्हती.

त्या काळात हे इतकं सोपं नव्हतं पण. निन्टेन्डोच्या परवानगीशिवाय गेम काढणारे कलर ड्रीम्स कंपनीवाले कॅसेटमधून उलट व्होल्टेज मारून चिपला गुंगवायचे. टेंजेन या दुसऱ्या गेम कंपनीने तर रॅबिट नावाची स्वतःची किल्ली बनवली, आणि त्यासाठी अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसातून खोटं कारण देऊन निन्टेन्डोच्या चिपच्या कोडची प्रत मिळवली हे कोर्टात उघड झालं, १९९२ च्या अपिलातही निकाल त्यांच्या विरुद्धच गेला.

मूळ धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. कन्व्हर्टर उघडला, आत चिप नाहीच, नुसत्या तारा! शनिवारी चौथा पाय सोडवून वर वाकवला, ग्राउंडला तार लावली, हात थरथरत होते. लाईट एकदम स्थिर. यादी आली आणि राहिली, बाबा शेजारीच बसले होते, म्हणाले सात नंबरचा लाव, तू तोच खेळायचास.